खास तुमच्यासाठी

नागापूरला औद्योगिक वसाहतीजवळ मी भाड्याने राहतो. खोली ठरवताना मालकांनी गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. "तुमच्यात नॉनव्हेज चालतं का?" हा पुढचा प्रश्न. "घरी करत नाही," मी म्हणालो. त्यावरून त्यांनी काय ते ठरवलं आणि किल्ली दिली. मी दुरुस्ती केली नाही. आधी दोन ठिकाणी केली होती. दोन्ही खोल्या "कालच गेल्या" होत्या.

यंदा करार संपत आला असताना मी गाण्यांचं ॲप घेतलं. उघडताच त्याने आवड विचारली. मी जुनी चित्रपटगीतं आणि सतार निवडली. नाव अर्धंच लिहिलं. काही दिवस त्याने तेवढंच ऐकवलं. मग एका सकाळी 'खास तुमच्यासाठी' या मथळ्याखाली भीमगीतांची यादी आली.

माझं लहानपण त्याच गाण्यांत गेलं. प्रश्न एवढाच होता, याला सांगितलं कोणी? मी बातमीदार, आधी स्रोत शोधतो. मी मायक्रोफोनची परवानगी काढली, संपर्क काढले, लोकेशन बंद केलं. यादी तशीच राहिली.

सुट्टीला श्रीगोंद्याजवळ गावी गेलो. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या वडिलांनी बसल्याबसल्या माझा फोन घेतला, तोंडाजवळ धरून त्याच्याशी बोलले आणि वैतागले.

"आज का ऐकत न्हाई हे?"

"याआधी ऐकलं होतं?"

"मागच्या बारीला आलास, जेवून झोपला हुतास, तवा गायन पार्टीची भीमाची गानी मागितली. लगेच लावली त्यानं. तुझ्यावानी चारदा सांगावं लागलं न्हाई."

स्रोत सापडला. संशय गेला नाही. मालकांना वर्षभरात जे कळलं नव्हतं, ते ॲपने एका दुपारीत टिपलं होतं.

परतल्यावर एकदा मी सतार लावून दाढी करत होतो. फोन स्पीकरला जोडलेला, दार उघडं. सतार संपली आणि ॲपने पुढचं गाणं स्वतःच लावलं. ढोलकी, कोरस, जयभीमचा गजर. कराराचं बोलायला आलेले मालक दारातच थांबले.

"काय पत्रकार," ते हसून म्हणाले, "हे तुम्ही लावलं, का आपोआप लागलं?"

'आपोआप' हे खरं उत्तर होतं. त्याने खोलीही वाचली असती.

"वडिलांचं आवडतं आहे," मी म्हणालो. "माझंही."

"अस्सं." त्यांनी एकदा स्पीकरकडे पाहिलं. "कराराचं घरात विचारून सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. जिन्यात भेटले की पूर्वीसारखेच हसतात. मी किराणा दुकानातून रिकामी खोकी आणून ठेवली आहेत. मायक्रोफोनची परवानगी मात्र परत दिली. पुढच्या आठवड्यात वडील राहायला येणार आहेत.