तीन वर्षांचा गॅप

बीएस्सी झाल्यावर तीन वर्षं मी न्हावऱ्यात घरीच राहिले. आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि गोठ्यातल्या सात गाई माझ्या अंगावर पडल्या. दोन वेळच्या धारा, डेअरीला दूध घालणं, वैरण, शेण. आई हिंडूफिरू लागली तेव्हा कुठे मी पुण्याच्या एका कॉलेजात एमएस्सीचा ऑनलाइन फॉर्म भरला. चार दिवसांनी मेसेज आला : शुक्रवारपर्यंत गॅप सर्टिफिकेट जोडा. म्हणजे मधल्या तीन वर्षांत काय केलं, त्याचं प्रतिज्ञापत्र.

बुधवारी आप्पांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, एसटीनं शिरूरला गेले. तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टनं माझं नाव आणि सालं विचारली आणि लगेच कागद काढून दिला. 'सदर कालावधीत मी घरीच होते. मी कोणतेही काम केलेले नाही.'

"मामा, हे खोटंय," मी म्हणाले. "मी गोठा सांभाळत होते."

"पगार व्हता का?"

"नाही."

"मग काम कसं म्हणायचं? समद्यांचं असंच लिहित्यात."

त्याच कागदावर खाली होतं : वरील मजकूर खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन. मी तिथं बोट ठेवलं. टायपिस्ट नुसतेच हसले.

"कर की सही," आप्पा म्हणाले. "तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. गाडी जाईल."

टायपिस्टपेक्षा मला आप्पांचाच जास्त राग आला. मी सही केली नाही. 'घरचा दुग्धव्यवसाय सांभाळत होते' असं पुन्हा टाइप करून घेतलं. त्यावर सही-शिक्का देणारे साहेब जेवायला गेलेले, ते येईपर्यंत तीन वाजले. गाडी चुकली म्हणून परतीच्या वाटेवर आप्पा माझ्यापासून दोन सीट पुढे जाऊन बसले.

गुरुवारी कागद अपलोड केला. संध्याकाळी उत्तर : काम केले असल्यास मालकाचे अनुभव प्रमाणपत्र जोडा. मी कॉलेजला फोन लावला.

"मालक माझे वडीलच आहेत," मी सांगितलं.

"मग त्यांच्या लेटरहेडवर आणा," क्लार्क म्हणाल्या.

"गोठ्याला कुठलं लेटरहेड, मॅडम?"

"हे बघा, घरीच होते असं लिहून द्या. बाकीच्या मुली तसंच देतात."

शुक्रवारी सकाळी मी एकटीच शिरूरला गेले. टायपिस्टकडे जुना मजकूर तसाच ठेवलेला होता. त्यांनी काही न विचारता तो छापून दिला. तिथंच उभ्या उभ्या मी सही केली, कारण दुसरा कुठलाही कागद आणायला वेळ उरला नव्हता. साहेबांचा शिक्का घेऊन कागद अपलोड केला आणि दुपारी फॉर्म मंजूर झाल्याचा मेसेज आला.

"बुधवारीच झालं आस्तं की," आप्पा म्हणाले.

प्रवेशाच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. आईनं शेजारी साखर वाटली. मला मात्र आनंद व्हायला दोन दिवस लागले.