दादाच्या यकृतातला दाब

दादा माझ्याकडे मुलुंडला राहायला आला तेव्हा त्याच्या पिशवीत चार कपडे, मधुमेहाच्या गोळ्या आणि एंडोस्कोपीचा रिपोर्ट होता. हा माझा थोरला भाऊ. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी यकृत कडक झालेलं. चरबीमुळे, असं डॉक्टर म्हणाले. अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या. त्यातली एखादी फुटली तर रक्ताची उलटी होऊन माणूस जाऊ शकतो. म्हणून आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब मोजायचं ठरलं.

मला वाटलं, त्या शिरेत सुई घालतील. तसं नव्हतं. मानेतल्या शिरेतून बारीक नळी खाली यकृतात नेली, तीही पलीकडच्या, रक्त यकृतातून बाहेर पडतं त्या बाजूनं. टोकाला इवलासा फुगा. फुगा फुगवण्याआधी एक आकडा, फुगवून वाट बंद केल्यावर दुसरा. दुसऱ्यातून पहिला वजा करायचा. उत्तर आलं सतरा. बाराच्या वर गेलं की शिरा फुटण्याची भीती.

"पण ज्या शिरेचा दाब हवा, तिच्यात तर तुम्ही गेलाच नाहीत," मी डॉक्टरांना म्हटलं.

"ताई, तुमच्या सोसायटीत पाण्याचं कोण बघतं?"

"मीच."

"मग पुढचा व्हॉल्व्ह बंद केला की मागच्या पाइपात किती जोर आहे ते कळतं ना? तसंच हे."

मला पटलं. पण घाटकोपरच्या हॉस्पिटलातून निघालेली रिक्षा भांडुपपर्यंत पोचेतो ते डोक्यातून गेलंही.

तो दाब उतरवायला एक गोळी दिली. सहा आठवड्यांनी परत मोजायचं. आकडा उतरला तर गोळी चालू ठेवायची. नाही उतरला, तर तोंडातून दुर्बीण घालून त्या शिरांना रबरी रिंगा घालायच्या. हातावरचं बीपी वेगळं, त्यावरून आतलं कळत नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मला समजलं होतं. माझी अडचण निराळी होती. आतलं मला दिसत नव्हतं आणि हातावरचं रोज दिसत होतं. वरचा आकडा एकशे दहा, मग अठ्ठ्याण्णव, मग चौऱ्याण्णव. एका सकाळी अठ्ठ्याऐंशी, आणि दादा बाथरूमच्या दाराला धरून उभा.

"गोळी थोडे दिवस बंद," मी म्हटलं.

"डॉक्टराक विचारलंस?"

"विचारते."

विचारलं नाही. हातातली कामं संपत नाहीत, आणि बीपी कमी असताना बीपी उतरवणारी गोळी देऊ नये हे सांगायला डॉक्टर कशाला हवा, असं मला वाटलं. अशक्त माणसाला आमच्या कोकणातल्या घरात जे देतात ते मी दिलं. उकड्या तांदळाची पेज, वर चांगलं मीठ, कैरीचं लोणचं, भाजलेला सुका बांगडा. मीठ कमी करा असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं. ते बीपी वाढलेल्यांसाठी असणार, असं मी ठरवून टाकलं. चार दिवसांत हातावर एकशे चार. वजन दोन किलो वाढलं.

"बघ, अंगाला लागतंय तुझ्या."

"तुझी पेज म्हणजे झकास गो," दादा म्हणाला.

गोळी बंद करून अकरा दिवस झाले तेव्हा सहा आठवडे भरले आणि दुसरी मोजणी झाली. आकडा अठरा.

"गोळी लागू पडत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "रिंगांची तारीख घेऊ."

दादानं माझ्याकडे पाहिलं.  मीच सांगितलं, "गोळी अकरा दिवस बंद आहे. मी केली."

डॉक्टरांनी दादाच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. "मीठ?"

मी पेजेचं सांगितलं.

"ताई, ते दोन किलो म्हणजे अंगात साठलेलं पाणी आहे."

"म्हणजे माझं सगळंच चुकलं."

"मीठ चुकलं. अठ्ठ्याऐंशीला गोळी थांबवणं चूक नव्हतं. मला न विचारता थांबवणं चूक."

यानं माझा गोंधळ जास्तच वाढला. "मग गोळी लागू पडते की नाही?"

"माहीत नाही. आज मोजला तो गोळी घेणाऱ्या माणसाचा दाब नव्हताच."

"म्हणजे परत मानेत टोचतले?" दादानं विचारलं. 

आता अर्धी गोळी, अळणी जेवण. रोज सकाळी हातावर मोजायचं आणि नव्वदच्या खाली गेलं तर गोळी न देता फोन करायचा. सहा आठवड्यांनी पुन्हा नळी. आत कमी व्हायला हवं, बाहेर कमी व्हायला नको, आणि गोळी दोन्हीकडे काम करते. मी डॉक्टरांकडून याचं चित्र कागदावर काढून घेतलंय आणि फ्रिजला लावलंय. दूध काढताना रोज बघते. बाण कुठून कुठे जातात ते कळतं. यकृताच्या आजारात आतला दाब चढतो तेव्हाच बाहेरचा का उतरतो, ते डॉक्टरांनी दोनदा सांगूनही नीट कळलेलं नाही.

आज सकाळी एक्क्याण्णव आलं. म्हणजे द्यायची. खात्रीसाठी परत मोजलं तर एकोणनव्वद. म्हणजे द्यायची नाही. तिसऱ्यांदा पट्टा गुंडाळायला लागले तसा दादा वैतागला.

"हात हा गो तो. पिळूचो फडको नाय."

ब्याण्णव.

"घेव काय?" अर्धी गोळी त्याच्या तळहातावर होती.

"थांब," मी म्हटलं, आणि डॉक्टरांना फोन लावला.