गेलेल्या लाईटचे फ्यूज

"नाना, परमिट परत करा आता. गावातून फोनवर फोन येताहेत," सेक्शनचे साहेब मोबाईलवर मला सांगत होते. सलीम खांबाखाली उभा राहून वर बघत होता.

"नाना, एका तारेची बांधणी ढिली राहिलीय," तो म्हणाला. "दोन मिनिटांत आवळून येतो."

पिंपळनेरच्या अलीकडे, कांद्याच्या शेतात तो खांब होता. मी तेव्हा सीनियर लाईनमन, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. सलीम धुळ्याचा, नऊ वर्षं माझ्याबरोबर. खांबावर तार ज्या चिनी मातीच्या टोपीवर बसते, तिला इन्सुलेटर म्हणतात. ती तडकली होती. सकाळी अकराला आम्ही काम सुरू केलं, सव्वाबाराला नवी टोपी बसवून सलीम खाली उतरला.

परमिट म्हणजे काय ते आधी सांगतो. सबस्टेशनमधला ऑपरेटर लाईन बंद करतो आणि मला एक नंबर देतो. तो नंबर मी स्वतः परत करेपर्यंत लाईन चालू करायची नाही, असा कायदा. शिवाय आम्ही खांबावरचा मोठा खटका, एबी स्विच, खाली ओढून त्याला कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या खिशात. म्हणजे सबस्टेशनकडून वीज यायला वाटच नव्हती.

एवढं करूनही आम्ही साखळी टाकतो. साखळीचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि दुसरं टोक तारांवर फेकायचं. चुकून वीज आलीच, तर ती माणसातून न जाता साखळीतून जमिनीत जाते. सकाळी ती टाकली होतीच. काम संपलं म्हणून सलीमने ती नुकतीच काढली होती आणि गुंडाळून गाडीत ठेवली होती.

"साखळी टाक," मी म्हणालो.

"आत्ताच तर तासभर तारेला हात लावून बसलो होतो! परमिट आहे, कुलूप आहे. आता कोण लाईट सोडणार?"

त्याचं चुकत नव्हतं. सेक्शनमध्ये माझं नावच 'भिऊ नाना' होतं. बंद रेडिओलाही नाना टेस्टर लावतात, असं पोरं म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगतो, मी भित्राच. तरुणपणी एक जोडीदार डोळ्यांदेखत गेला, तेव्हापासून तारेखाली उभं राहिलं की मी आधी पळायची वाट बघून ठेवतो. तीस वर्षांत ती सवय काही गेली नाही.

तेवढ्यात शेताचे मालक झिपरू आबा बांधावरून किटली आणि ग्लास घेऊन आले. सत्तरीचा माणूस, उन्हात आमच्यासाठी चालत आलेला.

"नाना, पहिले च्या पी ल्या," ते म्हणाले.

फोनवर साहेब अजून होतेच. "काय ठरलं?"

"साहेब, दहा मिनिटं द्या."

"अहो नाना, दहा दहा करत दुपार झाली!"

मी मान वळवली तर सलीम चढायलाही लागला होता. दहा फुटांवर पोचलेला. आणि इथे माझी खरी गोष्ट सांगायची तर माझ्या तोंडात आलं होतं, 'जाऊ दे, आवळून ये.' साहेब कावलेले, आबा चहा ओतताहेत, सलीम हसतोय. सगळ्यांसमोर पुन्हा भित्रा ठरायचा मला कंटाळा आला होता.

पण त्याने पुढचं पाऊल उचललं आणि तो गेलेला जोडीदार मला आठवला. मी ओरडलो, "सलीम, तिथंच थांब! एक पाऊल वर टाकलंस तर तुझा रिपोर्ट करीन!"

तो थांबला. कपाळाला आठ्या घालून, पण थांबला. मी गाडीतून साखळी आणली, सळईला टोक आवळलं, खांबापासून लांब गेलो आणि साखळी फेकली.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. तारेवर निळा-पांढरा जाळ दिसला. आबांच्या हातातली किटली पडली. सलीम खांबाला मिठी मारून डोळे मिटून होता. मी त्याला हाका मारत होतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

मग तो हळूहळू उतरला. खाली आल्यावर बसला, आणि बराच वेळ आपले तळहात उलटसुलट करून बघत राहिला.

"कुलूप लावलेलं आहे ना नाना?" त्याने विचारलं. मी किल्ली काढून दाखवली. 

मग वीज आली कुठून? फोनवर साहेब ओरडून सांगत होते की सबस्टेशनमध्ये लाईन बंदच आहे. मी वळून आबांच्या विहिरीकडे बघितलं, आणि तिथल्या फ्यूजच्या पेटीकडे धावलो; सलीम आणि आबा मागोमाग आले.

आमच्याकडे शेतीची लाईट पाळीने येते. आबांची विहीर दोन गावांच्या हद्दीवर. एक कनेक्शन आमच्या लाईनच्या डीपीवरून, दुसरं नाल्यापलीकडच्या लाईनच्या डीपीवरून. डीपी म्हणजे खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर. तो अकरा हजार व्होल्टचे चारशे चाळीस करतो, मग मोटर चालते. पण त्याला उलटंही येतं. खालून चारशे चाळीस घातले की वर अकरा हजार तयार होतात. नाल्यापलीकडची पाळी बाराला सुरू होते.

विहिरीवरच्या पेटीत तीन-तीन फ्यूजच्या दोन ओळी होत्या. एक ओळ काढायची, मगच दुसरी घालायची. त्या दिवशी दोन्ही घातलेल्या होत्या. नाल्यापलीकडची वीज आबांच्या पेटीतून आमच्या डीपीत गेली होती आणि तिथून थेट सलीमच्या डोक्यावरच्या तारेत. आता फ्यूज जळून काळे पडले होते.

"आबा, या बाजूचे फ्यूज काढले का नाहीत?"

"लाईट तं गयेलच व्हती ना, नाना," आबा म्हणाले. "गयेल लाईटना फ्यूज कसाले काढू? कांदाले पानी देवानं व्हतं. तिकडना घालात नि च्या लई उनू."

म्हणजे पलीकडचे फ्यूज घालून ते तसेच आमच्यासाठी चहा घेऊन आले होते. ते सलीमकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. "मी मारी टाकतू त्याले," आपल्या हातून पोरगा मेला असता, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

तासाभराने साहेब आले. पेटी बघितली, फोटो काढले, नाल्यापलीकडची वायर तोडायला लावली. मग सरळ विचारलं, "ही जोडणी आधी कोणाला माहीत होती?"

सलीम माझ्याकडे बघत नव्हता. आबाही नाही. तीन महिन्यांपूर्वी त्याच विहिरीवर मी चहाला बसलो होतो. पेटीचं झाकण उघडंच होतं. दोन ओळी मला स्पष्ट दिसल्या होत्या. म्हटलं, म्हातारा माणूस, कांद्याचे दिवस, कशाला वाईटपणा घ्यायचा. चहा पिऊन उठलो होतो.

"मला," मी म्हणालो.

मेमो मिळाला, तो वाजवीच होता. सलीम पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला, तेही वाजवीच. माझी मात्र तीस वर्षांची समजूत त्या दिवशी मोडली. मी तारेला भीत आलो. माणसाला नाही म्हणायलाही मी तेवढाच भीत होतो, हे मला कधी कळलंच नव्हतं.

रिटायर होईपर्यंत मी विहिरींवर चहा घेतला. फक्त आधी पेटी उघडायला लावायचो, चहा नंतर. बऱ्याच ठिकाणी मग चहा मिळाला नाही.