नालोंगोच्या जुळ्या मुली आणि सातवीची परीक्षा

पडदा वर जातो तेव्हा मधोमध फणसाचं झाड आहे. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलांचे आईबाप बसलेत, ठेवणीतले कपडे घालून. उजवीकडे मसाका गावाच्या टेकडीवरच्या शाळेचा लांब वर्ग, दारं अजून बंद. पाद्रीबाबांनी मुलांच्या पेनांवर नुकतंच पवित्र पाणी शिंपडलंय. शुक्रवारची सकाळ आहे, आणि सोमवारी सातवीची देशभराची परीक्षा.

माझं कुणी परीक्षेला नव्हतं. पण नालोंगो म्हणाली, "काका, तुम्ही चला. मुलींचा बाप असता तर तो बसला असता." म्हणून राजाच्या भूमिकेतला माझा कोट घालून मी बसलो होतो. कोट तिनंच शिवलेला. आमच्या नाटकमंडळीत आली तेव्हा ती मिसरूड न फुटलेल्या पोरांना राजकन्या करायची. चोळीत कापूस भरायची आणि तोंडात टाचण्या धरून दटावायची, "हलू नकोस, नाहीतर छाती पाठीवर जाईल." आमच्या ढोलवाल्याशी तिचं लग्न झालं. मग जुळ्या मुली झाल्या आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तिचं आधीचं नाव मागे पडलं. जुळ्यांची आई ती नालोंगो. बारशाला सगळी मंडळी नाचली होती. पुढे ढोलवाला गेला, व्हिडिओच्या खोल्या आल्या, आमची थिएटरं ओस पडली. नालोंगोनं मशीन पडवीत मांडलं आणि शाळांचे गणवेश शिवायला घेतले. मी तिच्याच मागच्या खोलीत राहतो. केळ्यांचा मटोके शिजला की एक वाटा माझ्याकडे येतो, न मागता.

मोठी बाबिर्ये, धाकटी नकातो. दोघींना नेहमी एकाच ताग्यातलं कापड. एकीला खाऊ आणला तर दुसरीलाही आणायचा, एकीला चापट बसली तर दुसरीलाही एक. जुळ्यांत डावंउजवं केलं तर ती रुसतात आणि घराला भोवतं, हे आमच्याकडे शिकलेलेही मानतात. नालोंगो तर टाके मोजून घालायची.

वर्गाची दारं उघडली. प्रत्येक बाकावर एकेका मुलाचा परीक्षेचा क्रमांक चिकटवलेला होता. मुलांनी आत जाऊन आपली जागा बघून यायची. पोरं धावली.

"तुमचं बरंय, नालोंगो," मागून एकजण म्हणाला. "निकालानंतर पेपरात फोटो छापून आला तर एकाच चेहऱ्यात दोघींचं काम."

"तुमच्या पोराचाही येईल," ती म्हणाली. "मात्र फोटोपुरतं त्याचं तोंड बंद ठेवा."

लोक हसले. तेवढ्यात नकातो दारात दिसली. पुन्हा आत गेली. खिडकीतून आम्हाला ती रांगांमधून चालताना दिसत होती, एकेका बाकावर वाकून. बाबिर्ये आपल्या बाकाशी उभी राहून बहिणीकडे बघत होती. मग नकातो बाहेर आली आणि पायरीवर थांबली.

"आई, माझा बाक नाहीये."

मुख्याध्यापक म्पागी लगबगीनं आले. माणूस वाईट नाही. ढोलवाल्याच्या मातीला शाळा बंद ठेवून आले होते. त्यांनी नालोंगोला फणसापलीकडे नेलं, मीही मागे गेलो.

"नालोंगो, रागावू नका. नकातोचा क्रमांक खालच्या दलदलीजवळच्या सरकारी शाळेत आहे. तिथं ती निवांत पेपर लिहील."

"तिथं का? सात वर्षं ती इथं शिकली."

"गणितात कच्ची आहे हो. यंदा शाळेला सगळी मुलं पहिल्या श्रेणीत हवीत. एक घसरलं तर पुढच्या वर्षी निम्मे पालक मुलं काढून समोरच्या शाळेत घालतील. अशी आणखीही मुलं आहेत. त्यांच्या घरी मी सांगितलं. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

"मग बाक बदला."

"क्रमांक राजधानीतून येतात. आता काही होत नाही."

आणि त्यांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं. "हे तिनं घालावं. तिथल्या मुलांत ती वेगळी दिसायला नको."

कागद सुटला. आत तपकिरी फ्रॉक होता, त्या सरकारी शाळेचा गणवेश.

आयुष्यभर मी रंगमंचावर धक्के बसल्याचे अभिनय केले, छातीवर हात ठेवून मागे कोसळलो. खरा धक्का बसलेला माणूस तसलं काही करत नाही हे त्या दिवशी पाहिलं. नालोंगोनं फ्रॉक उलटा केला, दुमडीवरून अंगठा फिरवला आणि तशीच उभी राहिली. शिलाई तिची होती. पावसाळ्याच्या सुट्टीत म्पागींनी तिला तपकिरी फ्रॉक आणि सदरे शिवायला दिले होते. ती समजली, गरीब शाळेला दान असेल. पोरांना पुढंही पुरावेत म्हणून दुमडीत चार बोटं माया सोडली होती. आणि या फ्रॉकची लांबी बघायला तो तिनं बाबिर्येच्या अंगाला लावून पाहिला होता, कारण त्या वेळी ती जवळ होती. मी पडवीतच बसलो होतो. 

घरी आल्यावर नकातो म्हणाली, "मी जाणार नाही. मी नापास होणार हे त्यांनी आधीच ठरवलंय, मग लिहायचं कशाला?"

बाबिर्ये म्हणाली, "ती नाही तर मीही नाही."

मी समजावलं. आवाज चढवून पाहिला, खाली आणून पाहिला. दोघी भिंतीकडे तोंड करून बसल्या. सोमवारी दोघी गेल्या नाहीत तर दोघींचं वर्ष बुडणार होतं. शनिवारी चूल पेटली नाही. शेजारणीनं कसावा आणून दिला, तो तसाच राहिला.

रविवारी प्रार्थनेहून आल्यावर तिनं मशीनवरचं फडकं काढलं. तपकिरी कापड उरलं होतं, ते पसरलं.

"बाबिर्ये, इकडे ये. माप देऊन जा."

"कशाचं?"

"बहीण घालेल तेच तू घालशील. आजवर वेगळं घातलंय का?"

नकातोनं पहिल्यांदा मान वळवली. "टेकडीवरच्या शाळेत ती हे घालून जाईल? सर तिला हाकलून देतील, आई."

"हाकलतील तर मी तिथं असेन. आणि हाकललं नाही तर तू जाशील का?"

नकातो उठून बहिणीशेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "जाईन."

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या शाळेच्या फाटकाशी भाड्याची बोडा थांबली. मोटरसायकलवर चालकामागे तपकिरी फ्रॉकमधल्या दोघी मुली आणि त्यांच्यामागे नालोंगो. मी वाण्याच्या सायकलवर मागून पोचलो होतो. बाबिर्ये उतरली. निळ्या गणवेशांच्या रांगेत ती एकटीच तपकिरी.

म्पागींनी फाटकात हात आडवा धरला. "नालोंगो, हे काय? या कपड्यांत तिला आत घेता येणार नाही."

"तुम्हीच दिलेलं कापड आहे, मास्तर."

"हळू बोला. जिल्ह्याच्या बाई आल्यात."

त्या आल्याच होत्या. परीक्षेवर देखरेख करणाऱ्या बाई, हातात मोहोरबंद पाकीट, शेजारी पोलीस. "काय अडलंय, सर? ही मुलगी इथल्या केंद्राची आहे ना?"

म्पागी कात्रीत सापडले. हो म्हणावं तर ते कपडे का, हे सांगावं लागणार. नाही म्हणावं तर आतला एक बाक रिकामा राहणार. बोडावर नकातो डोळे न हलवता बघत होती. म्पागींची नजर तिच्यावर गेली, आणि त्यांचा हात खाली आला.

"इथलीच आहे," ते म्हणाले. "जा, बाळ. तुझी जागा तुला माहीत आहे."

बाबिर्ये आत गेली. बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी बोडाकडे चाललेल्या नालोंगोला थांबवलं. "पण हा गणवेश कुठल्या शाळेचा?"

नालोंगो नकातोच्या मागे बसली, पदर खोचावा तसा गोमेसीचा, आमच्या बायकांच्या पायघोळ झग्याचा, घोळ गुडघ्यांत दाबला आणि म्हणाली, "तिच्या बहिणीच्या शाळेचा, बाई. तिचाही पेपर आत्ताच सुरू होतोय, जरा वाट सोडा."