विमानाची उत्तरपूजा

वाईहून पहाटेच्या एसटीने निघालो, तेव्हा पिशवीत पंचपात्री, दर्भ, अक्षता आणि घरून बांधून दिलेल्या दशम्या होत्या. आजवर मी वास्तूची, विहिरीची, ट्रॅक्टरची आणि एकदा पिठाच्या गिरणीचीही पूजा सांगितली आहे. विमानाच्या पूजेचा योग मात्र वयाच्या बहात्तराव्या वर्षी आला.

निमंत्रण होते लालबागच्या सखाराम परबांचे. हे मूळचे मालवणकडचे, कापडगिरणीतले जुने फिटर. त्यांचे भायखळ्याचे स्नेही पीटरकाका यांचे आयुष्य विमानांची इंजिने दुरुस्त करण्यात गेले. या दोघांनी अकरा वर्षे खपून, भंगारातल्या सुट्या भागांतून, दोन आसनांचे एक जुने विमान पुन्हा उभे केले होते. पीटरकाका गुरुवारी कन्येकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे जाणार होते. तत्पूर्वी विमान घाटावरच्या एका धावपट्टीवर पोहोचावे आणि काकांनी त्यात बसून एकवार आकाश पाहावे, एवढाच दोघांचा संकल्प होता.

दादरला परब घ्यायला आले होते. आसनांचे कापड घेणे राहिले होते, म्हणून आम्ही प्रथम हिंदमाताच्या कापडबाजारात उतरलो.

“साडी दाखवू की ड्रेस मटेरियल?” दुकानदाराने विचारले.

“विमानाक पायजे,” परब म्हणाले.

दुकानदाराने पापणीही न हलवता तागा उलगडला. “मग पिको करून देऊ?”

विमान एका गणेशमूर्तींच्या कारखान्यात उभे होते. भोवती अर्धवट मूर्ती, मध्ये हे पांढरेशुभ्र यान. धड एका फ्लाइंग क्लबच्या अडगळीतले, पंख दुसऱ्याच विमानाचे, आणि पुढचा प्रॉपेलर (फिरते पाते) भायखळ्याच्या एका उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठी टांगलेला होता, असे पीटरकाकांनी अभिमानाने सांगितले.

“वर्षानुवर्षं बिर्याणीचा वास खात होता, गुरुजी. कितीपण घासला, तरी जात नाय.”

मी निमूटपणे पिशवीतून गोमूत्राची बाटली काढली.

रात्री परबांच्या खोलीत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांची उसळ झाली. वहिनींनी चौथी आंबोळी वाढताना बजावले, “पोटभर खावा गुरुजी, उद्या विमान ओढूक लागात.” तो विनोद नव्हता, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

सकाळी सातला पूजेस बसलो. दहाच्या आत विमान ट्रेलरवर चढायला हवे होते. त्यानंतर त्या रस्त्यावर अवजड वाहनाला मज्जाव. परबांची विनंती साध्या वाहनपूजेची होती. परंतु चहूबाजूंनी गजाननाच्या मूर्ती, समोर अकरा वर्षांची तपश्चर्या. माझे मन भरून आले आणि मी विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठाच केली. पीटरकाकांनी हात जोडले, मग सवयीने छातीवर क्रूसाची खूणही केली. परबांनी मालवणी गाऱ्हाणे (देवापुढचे मागणे) घातले, “बा देवा महाराजा, ह्या दोन येड्यांच्या विमानाक सुखरूप वर ने, आणि तेवढ्याच सुखरूप खाली हाड!” गल्लीतल्या मंडळींनी एका सुरात होकार दिला, “व्हय महाराजा!”

मग विमान ट्रेलरकडे निघाले आणि दारातच थबकले. दार मूर्तीसाठी केलेले: उंच आणि अरुंद. पंख दोन्हीकडून चार-चार हात भिंतीत जाऊ पाहत होते.

“परब, माप घेतलेलं ना?” पीटरकाकांनी विचारले.

“घेतलंय तर! दार, तारा, कमानी, पूल. बांबू घेऊन सगळी वाट चाललंय.”

“ती उंची झाली. रुंदी?”

परब हळूच म्हणाले, “चाळीस वर्षां बाप्पा नेतंय. बाप्पाची उंचीच बघतत रे.”

“मग पंख काढ. चार बोल्ट.”

परबांनी पाना उचलला, माझ्याकडे पाहिले आणि खाली ठेवला. “गुरुजींनी प्राण घातलेत. आता अवयव कसो काढू? भंगलेली मूर्ती करू काय?”

दोष सर्वस्वी माझा होता. घड्याळात सव्वानऊ झाले होते. पीटरकाका नवे पिको केलेले आसन तळव्याने सारखे करत राहिले. मला ते पाहवेना. शास्त्राने बांधलेली गाठ शास्त्रानेच सोडवावी लागते.

“उत्तरपूजा करू,” मी म्हणालो. “देवतेला निरोप दिला की ते यंत्र. मग खुशाल पंख काढा.”

अक्षता वाहिल्या, ‘पुनरागमनाय च’ म्हटले आणि रीतीप्रमाणे मूर्ती किंचित हलवावी म्हणून विमानाला हात लावला. चाकांखालची ओंडकी परबांनी आधीच काढली होती आणि जमिनीला मागे उतार होता, हे मला ठाऊक नव्हते. विमान मनापासून हलले. माझे उपरणे शेपटीच्या चाकात गुंतले आणि यानाबरोबर मीही निघालो.

“पळू नका, गुरुजी! चालत राहा!” पीटरकाका ओरडले.

पेढ्यांची परात उलटी करून, एका अर्धवट मूषकाला टेकून आम्ही दोघे थांबलो.

“किंचित म्हणालात ना?” परब म्हणाले आणि पाना घेऊन पंखाकडे धावले.

दहाला पाच मिनिटे असताना धड आणि पंख वेगवेगळे ट्रेलरवर बांधले गेले.

“तिथे पुन्हा प्रतिष्ठा लागेल काय?” परबांनी धास्तावून विचारले.

“तिथे फादर येतायत,” पीटरकाका म्हणाले. “त्यांनी पाणी शिंपडलं तरी बोल्ट काढता येतात.”

ट्रेलरच्या पायरीवर चढता चढता ते परत फिरले आणि माझ्यापुढे वाकले.

“गुरुजी, गुरुवारी मी पण चाललो. माझी पण करून टाका, ती उत्तरपूजा.”

जिवंत माणसाची उत्तरपूजा कोणत्याही पोथीत नाही. परंतु मुठीत चार अक्षता उरल्या होत्या. त्या त्यांच्या पांढऱ्या केसांवर टाकल्या, मंत्र म्हटला आणि खांद्याला धरून त्यांना किंचित हलवले. या वेळी खरोखरच किंचित.

परत आलो तेव्हा कृष्णेच्या घाटावर सायंसंध्येची वेळ झाली होती. उपरण्यावरचा वंगणाचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नाही. निरोपाच्या मंत्रात परत येण्याचे आमंत्रण असते, हे मी बालपणापासून म्हणत आलो. ऐकले मात्र त्या दिवशी.

शुक्रवारी परबांचा फोन आला. बुधवारी विमान उडाले. काका दोन फेऱ्या मारून उतरले आणि म्हणाले, वर वाऱ्यातसुद्धा बिर्याणीचा वास येतो. गुरुवारी ते गेले.

“त्यांची दुरुस्तीची हत्यारं कुठे ठेवली?” मी विचारले.

“तो ती माझ्या भिंतीक टांगून गेलो. सांगून गेलो, हात लावशील तर बघ, परत आल्यावर मोजून घेईन.”