उपरण्याखाली ठरलेला भाव

आई आजारी पडली की तिला कळंबहून बारामतीला दुधाच्या टेम्पोत, कॅनांना टेकवून न्यावं लागायचं. म्हणून नोकरी लागताच मी गाडी घ्यायची ठरवली.

बारामतीच्या शोरूममधला तो विक्रेता एकदम शुद्ध बोलायचा. भाव कमी करा म्हटलं की "साहेबांना विचारतो" म्हणत अर्ध्या उंचीच्या धुरकट काचेआडच्या केबिनमध्ये जायचा आणि पडलेल्या चेहऱ्यानं परतायचा. "नाही म्हणतात हो!" दर खेपेला हेच. मला संशय यायचा, पण पदवीधर असून त्याची लबाडी पकडता यायची नाही.

शेवटी वडिलांना, आबांना, नेलं. ते म्हणाले, "आतला पंखा बंद हाय. एवढ्या उन्हाळ्यात सायेब बसलाय कुठं?"

विक्रेता नुसता हसला. आबांनी त्याच्या हातावर उपरणं टाकलं आणि मेंढरांच्या बाजारात करतात तसा, आतून बोटं दाबून भाव सांगितला. मला वाटलं, हा हात झटकेल. पण त्याचीही बोटं सराईतपणे हलू लागली.

"लई खाली वडताय, आबा," तो आमच्याच बोलीत म्हणाला.

आपल्यातला असून त्यानं मला इतकं फिरवलं, हे अजून टोचतं. गाडी मात्र आम्ही वाजवी भावात घेतली. आमच्या वस्तीवरची ती पहिलीच.