लाल चिंधीची बादली
नातसून पनीरसाठी दुधात लिंबू पिळत होती, तसं मला ठाण्याजवळच्या कोलशेतचं ते पांढरं पाणी आठवलं. स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी मी तिथे रंगाच्या कारखान्यात बादल्या उचलायची. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं दोन, चूल माझ्याच मजुरीवर. दोन टाक्यांतलं औषधी पाणी, दोन्ही नितळ, म्हणून एकीच्या बादलीला खुणेची लाल चिंधी बांधलेली; पण हौदात एकत्र ओतलं की फाटल्या दुधासारखं व्हायचं. तळाला बसलेली पांढरी भुकटी रंगात जायची, वरचं नितळ पाणी गटारात. एकदा भुकटी रोज कमी भरायला लागली. मुकादम आम्हा बायांवर ओरडला, "वाटेत सांडता आणि वर तोंड करता! उद्यापासून येऊ नका." पण मला एक दिसलेलं. लाल चिंधीवाली बादली गटारात विसळली की तिथलं नितळ पाणी पांढरं व्हायचं, दुसऱ्या टाकीची विसळली की काहीच नाही. मी सरळ कारखान्याच्या साहेबांकडे गेले. "आम्ही सांडत नाही हो साहेब, लाल चिंधीवालं कमी पडतंय. ते थोडं गटारात पडलं की तिथेही भुकटी होते." मुकादम हसला, "आता ही बाई शिकवणार!" साहेबांनी हौदातलं वरचं पाणी दोन काचेच्या नळ्यांत घेतलं, एकीत या टाकीचे थेंब, दुसरीत त्या. लाल चिंधीवाली नळी दुधासारखी झाली. साहेब मुकादमाला म्हणाले, "हे पाणी दोन बादल्या वाढवा. आणि बाया कामावर राहतील." त्या आठवड्याला पगाराचा अंगठा लावताना मी मान खाली घातली नाही. "आजी, पाणी अजून पांढरटच आहे," नातसून म्हणाली. मी म्हटलं, "लिंबू कमी पडलंय गं, अजून पिळ." तिने पिळलं, आणि पाणी नितळ झालं.